बटण दाबण्यापूर्वी

ब्लॉग चालविणाऱ्या वाचकांची पृच्छा बहुधा एकाच स्वरूपाची असते : अमुक प्लगइन घ्यावे का? तमुक थीम चांगली का? ते बसवावे कसे, हे मात्र आता क्वचितच कोणी विचारते. काही वर्षांपूर्वी परिस्थिती नेमकी उलट होती. काय बसवायचे हे ठाऊक असे, पण बसवायचे कसे, या प्रश्नापाशी भल्याभल्यांची गाडी अडे. हा पालट कसा झाला आणि त्यातून कोणती नवी जबाबदारी आपल्याकडे आली, हे वर्डप्रेसच्या उदाहरणावरून पाहू. कारण आपल्यापैकी बहुतेकांचे ब्लॉग त्यावरच उभे आहेत.

वर्डप्रेसचा जन्म २००३ सालचा. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ या जुन्या सॉफ्टवेअरच्या पायावर ते उभारले. आरंभी एखादी नवी सोय हवी असल्यास मूळ फाइल उघडून तिच्यातील ओळी हाताने बदलाव्या लागत, आणि पुढची आवृत्ती आली की ते सारे श्रम पुसले जात. मे २००४ मधील १.२ या आवृत्तीने या दुखण्यावर उपाय काढला. सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक जागी जणू खुंट्या ठोकून ठेवण्यात आल्या : ज्याला जे टांगायचे त्याने तेथे टांगावे, भिंतीला हात लावू नये. हीच प्लगइनची कल्पना. फेब्रुवारी २००५ मधील १.५ या आवृत्तीत थीम आल्या, आणि आतील लेखनाला धक्का न लावता ब्लॉगचे बाह्य रूप पालटणे शक्य झाले.

तथापि बसविण्याची यातायात कायम होती. झिप फाइल उतरवून घ्या, ती उलगडा, एफटीपीच्या साहाय्याने सर्व्हरशी जोडणी करा, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरातील योग्य उपफोल्डर शोधा, तेथे सर्व फाइली चढवा, आणि मग डॅशबोर्डमध्ये येऊन प्लगइन सुरू करा. मध्येच जोडणी तुटली की फाइली अर्धवट राहत. ज्याला केवळ आपले प्रवासवर्णन वा पाककृती लिहावयाची आहे, त्याने हे का शिकावे? मार्च २००८ च्या २.५ आवृत्तीत प्लगइन अद्ययावत करण्याचे काम एका बटणावर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात २.७ ने नवे प्लगइन थेट डॅशबोर्डमधून शोधून बसविण्याची सोय दिली, आणि जून २००९ मध्ये २.८ ने थीमसाठीही तीच वाट मोकळी केली.

बटण दाबल्यावर पडद्याआड घडते ते तेच जुने काम. झिप उतरते, उलगडते, योग्य जागी ठेवली जाते. फरक इतकाच, की सर्व्हर ते आपल्या वतीने करतो. म्हणूनच कधी कधी बटण दाबताच एफटीपीचा पासवर्ड मागणारी खिडकी उघडते आणि वाचक गोंधळतात. सर्व्हरवर फाइलींचा मालक एक आणि वर्डप्रेस चालविणारी यंत्रणा दुसऱ्याच नावाने वावरणारी, असे असल्यास तिला त्या फोल्डरात लिहिण्याचा अधिकार नसतो. म्हणून ती मालकाची किल्ली मागते. यावर ‘फोल्डरला ७७७ परवानगी द्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. त्याने सर्व्हरवरील प्रत्येकालाच तेथे लिहिण्याची मुभा मिळते. होस्टिंग देणाऱ्याकडून मालकी दुरुस्त करून घेणे हाच खरा उपाय होय.

आता ‘काय’ या प्रश्नाकडे वळू. बसविणे कठीण होते तेव्हा ती अडचणच एक प्रकारची चाळणी होती; दहा मिनिटे खपावे लागणार असल्यास मनुष्य दोनदा विचार करतो. ती चाळणी गेली. २०११ च्या ऑगस्टमधील ‘टिमथंब’ प्रकरण बोलके आहे. छायाचित्रांचा आकार बदलणारी ही छोटीशी फाइल असंख्य थीमच्या पोटात दडलेली होती. तिच्यातील त्रुटीमुळे परक्याला आपली फाइल सर्व्हरवर घुसविता येई. ब्लॉगच्या मालकांना तर ही फाइल आपल्याकडे आहे, याचाच पत्ता नव्हता. त्यांनी फक्त एक देखणी थीम निवडली होती.

२०१७ मधील ‘डिस्प्ले विजेट्स’ची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. दोन लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेले हे प्लगइन मूळ कर्त्याने विकले. नव्या मालकाने अपडेटच्या वेष्टनातून असा कोड धाडला, की लोकांच्या ब्लॉगवर परस्पर जाहिरातबाज मजकूर उमटू लागला, आणि लॉग-इन केलेल्या मालकाला तो दिसत नसे. अखेरीस अधिकृत संग्रहातून ते काढून टाकण्यात आले. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्लगइन व थीम आपोआप अद्ययावत होण्याची सोय आहे. ती वापरावी, असेच माझे मत; न केलेल्या अपडेटमुळे होणारी हानी अधिक मोठी. परंतु त्या सोयीचा अर्थ असा, की आपण एकदा दाखविलेला विश्वास पुढे नित्य वापरला जातो. म्हणून अधिकृत संग्रहातील पानावर शेवटचे अपडेट केव्हाचे आहे, कर्ता लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो की नाही, हे आधी पाहावे. विकतच्या थीमच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरट्या प्रतींना तर हातही लावू नये.

आणखी एक समज दूर करावयास हवा. प्लगइन नुसते बंद केल्याने ते निरुपद्रवी होत नाही. त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि त्यांतील दोषाचा गैरफायदा बाहेरून घेता येऊ शकतो. नको असलेले प्लगइन काढूनच टाकावे. मात्र आधी बॅकअप घ्यावा, आणि तो फाइलींचा व डेटाबेसचा, दोन्हींचा. कारण लेख डेटाबेसात असतात, छायाचित्रे फाइलींत. प्लगइन गेल्यावर जुन्या लेखांत चौकटी कंसातले अगम्य शब्द दिसू लागले, तर ते त्याचेच अवशेष समजावेत.

थीम निवडताना मराठी लेखकाची एक अडचण स्वतंत्र आहे. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. शीर्षकातील अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर सोडले जाते आणि देवनागरीची शिरोरेषा तुटते; ओळींतील अंतर कमी असल्यास वेलांटी, मात्रा वा रफार वरच्या ओळीला भिडतात. थीमच्या नमुन्यातील सुंदर इंग्रजी मजकुराला भुलू नये. ‘राष्ट्रीय’, ‘दुर्दैवी’, ‘कौतुक’ असे शब्द असलेले दोन परिच्छेद टाकून पाहावेत, तेही मोबाइलवर. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेने घडविलेला ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. थीममध्ये ते निवडण्याची सोय आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

इतके करूनही एखाद्या दिवशी ब्लॉग उघडताच पांढरा पडदा दिसू शकतो. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी मालकाच्या ई-मेलवर एक दुवा येतो. त्यातून आत शिरून दोषी प्लगइन बंद करता येते. म्हणून ब्लॉगच्या सेटिंगमधील ई-मेल पत्ता चालू असलेला हवा. चिरंजीवांच्या जुन्या कॉलेजचा नको. दुवा न आल्यास एफटीपीने सर्व्हरवर जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. वर्डप्रेसला ते सापडत नाही, आणि ब्लॉग पुन्हा उघडतो.