आजाराचं वेळापत्रक विद्यापीठानेही विचारात घ्यावं

मला वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका व्हायचं आहे. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू आहे, सेट या पात्रता परीक्षेची तयारी सुरू आहे आणि पीएच.डी.चा विषयही मनात पक्का आहे: मुंबईजवळच्या आमच्या दिवा या उपनगरातल्या खाडीकाठची खारफुटी. मी शाळेत जात होते तेव्हा जिथे तिवरांचं रान होतं, तिथे आज भराव टाकून चाळी आणि इमारती उभ्या आहेत. जी तिवरं उरली आहेत ती सांडपाणी आणि राडारोडा सोसून कशी तगतात, किती काळ तगतील, हे मला शोधायचं आहे. घरात, नात्यात, वर्गातसुद्धा सगळे सांगतात, ‘तुझ्यासारखीने बसून करायचं काहीतरी घ्यावं.’ ‘तुझ्यासारखीने’ म्हणण्याचं कारण, मला थॅलेसेमिया मेजर आहे.

या आजारात शरीराला धड हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याच्या रक्तातल्या लाल पेशी चढवाव्या लागतात आणि ते आयुष्यभर चालतं. माझा फेरा साधारण तीन आठवड्यांचा. रक्त चढल्यावर पहिले दहा-बारा दिवस मी कुणाच्याही बरोबरीने चालते, चढते, वाचते. मग हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी, उतरू लागतं. नऊच्या आसपास आलं की पुलाचा जिना चढताना छाती भरून येते, एकच परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. तेव्हा क्रॉसमॅचसाठी, म्हणजे रक्त जुळवून बघण्यासाठी, नमुना द्यायचा, दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन पिशव्या चढेपर्यंत पडून राहायचं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकतं. उरलेलं हृदयात, यकृतात साचतं आणि खरा घात तेच करतं. ते बाहेर काढायची औषधं रोज घ्यायची, एक दिवसही न चुकवता. आमच्या आधीच्या पिढीतली मुलं त्यासाठी आठवड्यातून पाच-सहा रात्री पोटाला सुई आणि पंप लावून झोपत. आमच्या वाट्याला गोळ्या आल्या आणि उपचार नीट झाले तर आयुष्यही लांबलं. म्हणूनच तर मी पुढच्या दहा वर्षांचा बेत आखू शकते.

हे सगळं दया यावी म्हणून लिहीत नाही. माझा मुद्दा हा आहे की माझ्या आजाराला वेळापत्रक आहे आणि ते मला महिनाभर आधी सांगता येतं. ते नोंदवून घेण्याची सोय मात्र आपल्या उच्च शिक्षणात कुठेच नाही.

पहिली अडचण हजेरीची. 75 टक्क्यांच्या खाली गेलात की नाव यादीत लागतं, पालकांना बोलावणं येतं, परीक्षेचा फॉर्म अडतो. मग वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जातं आणि तेही प्रत्येक गैरहजेरीचं वेगळं. जन्मभराच्या आजाराचं दर महिन्याला नवं प्रमाणपत्र कशासाठी? ताप येतो आणि जातो, त्याला दाखला लागणार हे समजू शकते. थॅलेसेमिया, टाइप वन मधुमेह, सिकलसेल, डायलिसिस लागणारा मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस हे येऊन जाणारे आजार नाहीत. ते विद्यार्थ्याबरोबर वर्गात बसतात. वर्षाच्या सुरुवातीला एकदा कागदपत्रं तपासावीत, उपचारांच्या अंदाजे तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या तारखांना उपचार-रजा धरावी. महाविद्यालयाला यासाठी एक रुपयाही खर्च येणार नाही.

इतरांवर हा अन्याय होईल, असं काही प्राध्यापक म्हणतात. माझं त्यांना नम्रपणे सांगणं आहे की विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळायला गेलेल्या विद्यार्थ्याची हजेरी आपण भरून देतो, एनएसएसच्या शिबिराला गेलेल्याचीही देतो आणि ते योग्यच आहे. तो मैदानावर असतो तेव्हा मी रक्त चढवायला गेलेली असते. बुडालेलं प्रात्यक्षिक मला करायचंच आहे, प्रश्नपत्रिका मला तेवढीच अवघड हवी आहे. फक्त ते प्रात्यक्षिक पुढच्या बॅचबरोबर करू द्या.

दुसरी अडचण प्रवासाची, आणि ती समजायला दिव्यात राहायला हवं. कोकणातून आलेल्या माझ्या आईवडिलांसारख्या हजारो कुटुंबांना मुंबईत घर परवडलं नाही म्हणून ती इथे स्थिरावली. दिवा जंक्शन आहे, वसई आणि पनवेलचे फाटे इथून फुटतात. पण सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढायचं तर ती कल्याण-डोंबिवलीकडून भरूनच आलेली असते. बसायला जागा मिळावी म्हणून इथल्या कितीतरी बायका आधी उलट डोंबिवली-कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. रोजचा तेवढा वेळ जास्त. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, माणसं गेली. त्यानंतर दिव्यातल्या प्रत्येक घरात एकच बोलणं होतं, ‘आपलं माणूस त्याच गाडीने जातं.’ ज्या दिवशी माझं एचबी खाली असतं, त्या दिवशी या गर्दीत उभं राहण्यातच माझी निम्मी ताकद संपते. अंगावर आजाराची कुठलीच खूण दिसत नाही, त्यामुळे तिघांच्या बाकावरची चौथी सीटसुद्धा मागायची कशी हा प्रश्न असतो. आठवड्यातले सैद्धांतिक तास त्या दिवसांपुरते ऑनलाइन ऐकू द्या, एवढ्यावर माझ्यासारख्यांचं कितीतरी निभावेल. करोनाकाळात सगळी महाविद्यालयं हेच करत होती, त्यामुळे जमत नाही असं आता कुणी म्हणू नये.

तिसरी अडचण वाचकांना ठाऊक नसेल. आमच्या परीक्षांचा आणि रक्ताच्या टंचाईचा हंगाम एकच असतो. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयं परीक्षा आणि सुट्टीत जातात, लोक गावाला जातात, रक्तदान शिबिरं थांबतात. महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्या दर उन्हाळ्यात रक्तदानाचं आवाहन करतात ते म्हणूनच. लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. त्यामुळे जानेवारीत एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला कितीही पिशव्या जमल्या तरी मे महिन्यात त्यांचा उपयोग नाही. राज्यात थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त मोफत मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण मोफत मिळायलाही ते पेढीत असावं लागतं. पेपरच्या आदल्या दिवशी ‘तुमच्या गटाचं रक्त आलेलं नाही, परवा बघू’ असं ऐकलं की विद्यार्थ्याने काय करायचं? एचबी सातवर असताना तीन तास लिहायचं, नाहीतर पेपर सोडून सहा महिने थांबायचं. त्याच सत्रात पंधरा दिवसांच्या आत दुसरी तारीख मिळाली तर तिसरा रस्ता खुला होतो. आणि एनएसएसच्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्षातलं एक शिबिर परीक्षा संपताच, मे महिन्यात ठेवा. त्याच शिबिरात थॅलेसेमियाचं वाहकपण ओळखणारी एचबीए-टू ही तपासणीही करून घ्या. भारतात शंभरातल्या तीन-चार जणांमध्ये या आजाराचं वाहकपण असतं, सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत त्याहून जास्त. शेजारच्या उल्हासनगरातल्या सिंधी वस्तीमुळे आमच्याकडे अनेकांना वाटतं की हा आजार फक्त सिंध्यांचा. आमच्या घरातही तसंच वाटत होतं. वाहकाला काही होत नाही, मात्र आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्नाच्या वयाला आलेली मुलं महाविद्यालयात एका छपराखाली सापडतात. त्यांना हे सांगायला याहून चांगली जागा नाही.

आता कायद्याकडे येते. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने ती 21 केली आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे आजार प्रथमच आले. 19 एप्रिल 2017 पासून हा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 32 मुळे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे प्रवेशाचं दार उघडलं. पुढची काही दारंही उघडी आहेत, ती माझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. अर्धवेळ करता येते. एरवी सहा वर्षं आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन अशी मुदत असते. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, अशी एकूण दहा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षं जमा राहतात. आजाराने मध्येच थांबावं लागलं तर केलेला अभ्यास वाया जात नाही.

पण ज्या नोकरीसाठी हे सगळं करायचं, तिथे दार बंद आहे. याच कायद्याचं कलम 34 सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण देतं. त्यात दृष्टी, श्रवण, चलनवलन, कुष्ठमुक्त, ॲसिडहल्लापीडित, स्वमग्नता, मानसिक आजार अशा गटांची यादी आहे आणि रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. एकाच कायद्याने मला विद्यार्थिनी म्हणून दिव्यांग मानलं आणि उमेदवार म्हणून मानलं नाही. यात कसलं तर्कशास्त्र आहे, हे मला कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. शिकत असताना दर तीन आठवड्यांनी लागणारं रक्त नेमणुकीनंतर थांबत नाही.

शिवाय महाराष्ट्रात प्राध्यापकीची सुरुवात बहुतेकांची तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, आजारपणाची रजा नाही, पुढच्या वर्षीची हमी नाही. निरोगी माणूससुद्धा यात वर्षानुवर्षं पिचतो. आमच्यासाठी तर रक्त चढवायला जाणं म्हणजे त्या दिवसाची कमाई जाणं. आरक्षणाची तरतूद दिल्लीत बदलायची आहे, त्याला वेळ लागेल. पण तासिकेवरच्या शिक्षकाला बुडालेले तास त्याच महिन्यात भरून काढू देणं राज्य सरकारच्या एका निर्णयाने होऊ शकतं.

‘अशी शिक्षिका सारखी गैरहजर राहील, मुलांचं नुकसान होईल,’ ही शंका मी मुलाखतीआधीच ऐकली आहे. गैरहजेरी कधी येणार हे जो आधी सांगू शकतो, त्याच्या तासांची सोय लावणं सोपं असतं. आणि माणूस काय करू शकतो हे आजाराच्या नावावरून ठरवू नये, हे आता न्यायालयानेही सांगितलं आहे. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून अधिक म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. हा अभ्यासक्रम त्याला झेपेल का, हे तज्ज्ञ मंडळाने प्रत्यक्ष तपासायचं आणि कारणं नोंदवायची. हीच कसोटी शिक्षकभरतीला लावा. माझा वर्ग बघा, माझं संशोधन बघा, मग ठरवा.

खारफुटीच्या कामाला मी निघणार ते रक्त चढल्यानंतरच्या आठवड्यात, भरती-ओहोटीचं कोष्टक आणि माझं कोष्टक शेजारी ठेवून. चिखलात किती वेळ उभं राहायचं, नमुने कुणी उचलायचे, हे मी मार्गदर्शकांशी बोलून ठरवलं आहे. नियोजन आम्हाला शिकवावं लागत नाही, लहानपणापासून तेच करत आलो आहोत. विद्यापीठाने त्याला थोडी जागा द्यायची आहे. प्रवेशअर्जात जात, धर्म, उत्पन्न विचारतात, ओळखपत्रावर रक्तगटसुद्धा छापतात. येत्या जूनपासून त्या अर्जात आणखी एक रकाना असावा: ‘नियमित उपचार चालू आहेत का? असल्यास कधी?’ तो भरलेला प्रत्येक अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर जावा आणि पहिल्याच आठवड्यात त्या विद्यार्थ्याला बोलावून वर्षाची आखणी व्हावी. हा रकाना सुरू करण्याचा अधिकार कुलगुरूंकडे आजही आहे आणि त्यांनी तो वापरावा, अशी माझी मागणी आहे.