रडत नाही म्हणजे बरं आहे, असं नाही

गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, बाळ रडत नाही, पण डोळेही उघडत नाही. तीनदा दूध ओकलं." बाळ नऊ महिन्यांचं, आठवड्यापूर्वीच सर्दीतून उठलेलं. सासू म्हणाली, नजर लागली. शेजारच्या खाला म्हणाल्या, दात येत असतील. बहिणीनं दोघींचं ऐकून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत कळलं, आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता, कुर्त्याची बाही आत दुमडावी तसा. याला इंटससेप्शन म्हणतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत ते जास्त आढळतं. आत अडकलेल्या भागाला रक्त पोचत नाही. वेळ गेला तर तो भाग निकामी होतो.

एरवी असं बाळ एकाएकी किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, काही मिनिटांनी शांत होतं, खेळतंसुद्धा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या शांततेला घरचे फसतात. पुढे उलटी हिरवी होते. जेलीसारखी रक्तमिश्रित शी ही उशिराची खूण. तिची वाट पाहू नका. आणि काही बाळं भाच्यासारखी रडतच नाहीत, नुसती फिकी आणि मलूल पडतात. तेव्हा दुखणं पोटात आहे, हे चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

भाच्याला आधी सलाईन लावलं. मग शीच्या जागेतून नळीनं हवा सोडून आतडं मागं सरकवलं. बहुतेक मुलांचं एवढ्यानं भागतं. आतडं सुटलं नाही किंवा फाटलं असेल, तर ऑपरेशन करावं लागतं. दहांतल्या साधारण एका मुलाला हे पुन्हा होतं, म्हणून पहिले दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं.

मोठ्या मुलांत आतड्यातली गाठ किंवा जन्मजात पिशवी हे कारण असू शकतं. पायांवर जांभळे ठिपके आणि सोबत पोटदुखी असेल, तर डॉक्टरांना ठिपके जरूर दाखवा. त्या आजारात बहुधा लहान आतडंच लहान आतड्यात शिरतं. तिथवर नळीची हवा पोचत नाही.

तोवर पोट चोळू नका, घुटी किंवा एरंडेल देऊ नका. सोनोग्राफी आणि मुलांचे सर्जन आहेत, असा दवाखाना जवळ कुठं आहे, ते आजच विचारून ठेवा.