प्रजनन आरोग्याच्या इंटर्नशिपबाबत कुलगुरूंना निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर.

विषय : आंतरराष्ट्रीय प्रजनन आरोग्य प्रकल्पांतील विद्यार्थी इंटर्नशिपसाठी नियमावली करणे व परदेशातील संधी खुल्या करणेबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही समाजकार्य, गृहविज्ञान व संख्याशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

स्त्रियांच्या आरोग्याबद्दल जगाला जे कळले, त्यातले बरेच विदर्भातून कळले. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील वसा व अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. 1994 च्या कैरो परिषदेत लोकसंख्येच्या उद्दिष्टांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि हक्क केंद्रस्थानी आले, त्यात या पुराव्याचाही वाटा होता. अलीकडे, पहिलटकरणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती घटते, हे सहा देशांतील सुमारे 12 हजार स्त्रियांच्या चाचणीतून 2020 मध्ये पुढे आले. त्या चाचणीचे एक केंद्र नागपूर होते.

असे असताना येथील विद्यार्थ्याची जागा कोणती? परदेशी विद्यापीठातून आलेला विद्यार्थी ‘ग्लोबल हेल्थ इंटर्न’ असतो. आम्ही ‘फॉर्म भरणारी पोरं’. आमच्यापैकी काहींनी अशा प्रकल्पात काम केले आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण तक्रार एका संस्थेची नाही, पद्धतीची आहे.

या कामात काय लागते, ते एका घरचे सांगतो. टॅबवर पाळीचे, पांढरे जाण्याचे, गर्भपाताचे प्रश्न आणि सासूबाई शेजारी बसलेल्या. सून प्रत्येक प्रश्नाला ‘नाही, काही त्रास नाही’ म्हणते. मग आमची मैत्रीण ‘सांदवाडीतला भाजीपाला दाखवता का, ताई?’ म्हणून तिला मागच्या बाजूला नेते. वांग्याच्या वाफ्याजवळ ती बाई बोलू लागते, दोन वर्षांपासून कंबर धरते, अंगावरून जाते, नवऱ्याला सांगितले नाही. त्या उत्तरावर पुढे शोधनिबंध उभा राहतो. त्यात मैत्रिणीचे नाव आभारातही नसते. तिला प्रवासखर्च मिळतो तोही महिने उलटल्यावर.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ओजेटीचे (प्रत्यक्ष कामातील प्रशिक्षणाचे) 4 श्रेयांक आले आहेत. विद्यापीठाला हस्तक्षेपाची हीच संधी आहे. परदेशी संस्थेशी करार करताना जितके विद्यार्थी तिकडून येतील तितक्यांना आमच्याकडून तिकडे पाठवण्याची अट घालावी. विमानभाडे व निवासाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. तसे न झाल्यास ज्यांच्या घरी पैसा आहे तेच जातील, आणि भंडारा-गोंदियाची मुलगी पुन्हा गावातच फॉर्म भरत राहील. विद्यावेतन दरमहा मिळावे, फिरतीचा खर्च आगाऊ मिळावा. मुलींना एकटीने गावात पाठवू नये. इंटर्नलाही अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येते, हे पहिल्याच दिवशी लेखी कळवावे.

संमती आणि गोपनीयता यांचे प्रशिक्षण गावात पाय ठेवण्यापूर्वी व्हावे, याबाबत आम्ही विशेष आग्रही आहोत. अविवाहित मुलीच्या गर्भपाताची गोष्ट एका चुकीच्या वाक्याने गावभर होते, आणि तिचे नुकसान कोणत्याही श्रेयांकाने भरून निघत नाही. एखादी बाई त्रास सांगते तेव्हा तिला कोणत्या दवाखान्यात, कोणाकडे पाठवायचे, हेही ठरलेले असावे. नुसते ‘हो’वर बोट ठेवून पुढच्या प्रश्नाकडे जाणे आम्हाला जमत नाही आणि जमू नये. निष्कर्ष त्याच गावात, मराठीत किंवा गोंडीत परत सांगण्याचे काम इंटर्नशिपचाच भाग धरावे. संकलन व विश्लेषणात ज्याचे खरे योगदान आहे, त्याला निबंधात श्रेय द्यावे.

गडचिरोली 2011 पासून गोंडवाना विद्यापीठात आहे. त्यामुळे दोन्ही विद्यापीठांनी मिळून ही नियमावली करावी, तिच्या समितीत विद्यार्थी व आशा कार्यकर्त्या यांना स्थान द्यावे आणि मसुदा विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत ठेवावा.

चर्चेसाठी आमच्या शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पदव्युत्तर विद्यार्थी, नागपूर

प्रत माहितीस्तव : मा. कुलगुरू, गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली.