डोक्यावरची मोळी, मनावरची उचल

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मार्च-एप्रिलमध्ये परततात, ते कंबर, मान आणि ओटीपोटाचे दुखणे घेऊन. गावात त्यावर दोन शेरे ठरलेले असतात. 'राबणाऱ्याचे अंग दुखणारच' हा एक. एक्स-रे साफ निघाला की 'सोंग आहे' हा दुसरा. हे दोन्ही शेरे अन्यायकारक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ताणतणाव हा खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, राबणाऱ्याला कसला आलाय ताण? हा समज जातिव्यवस्थेनेच पोसला आहे. ज्याला माणूसच मानले नाही, त्याचे मन कोण मोजणार? विज्ञान मात्र वेगळे सांगते. इजेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही, वाटेत तो कमी-जास्त होतो आणि त्यात मनःस्थितीचाही वाटा असतो, ही मांडणी मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच केली. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हाही वेदना हा शरीराचा तसाच भावनेचा अनुभव आहे, हे कायम ठेवले. माणूस सतत धाकात असला की मान, खांदे, पाठीचे स्नायू आखडून राहतात. झोप मोडते. झोप न झालेल्या शरीराला तेच दुखणे अधिक बोचते. दुखल्यामुळे काम बुडण्याची धास्ती आणि धास्तीमुळे पुन्हा दुखणे, असे हे चक्र आहे.

हा धाक कसला? नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली. एक खाडा झाला की दंड. लेकरे गावी म्हाताऱ्यांच्या भरवशावर, नाहीतर फडातच. रात्र दार नसलेल्या कोपीत. डोक्यावरच्या मोळीने कंबर मोडते हे खरेच. पण मोळी ट्रकमध्ये टाकता येते, उचल मात्र झोपेतही उतरत नाही.

या धाकाची किंमत २०१९ साली उघड झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आकडे आले. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अनेकींची तक्रार ओटीपोटाच्या, कंबरेच्या दुखण्याची होती. खाड्याची भीती आधीच होती, त्यात कॅन्सरची भीती घातली गेली. दुखण्यामागची कहाणी कोणी ऐकली नाही, अवयव तेवढा काढून टाकला!

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला दिला आहे. एक शरीराला लागतो, दुसरा मनाला. आणि दुसरा टाळता येतो. याचा अर्थ 'सोसा आणि गप्प बसा' असा कोणी काढू नये. आनापानसतीने मन स्थिर होते, आखडलेले अंग सैल पडते, हा लाभ आमच्या मायबहिणींना जरूर मिळावा. परंतु इथे दुसरा बाण मारणारा हात उचलीचा आहे. तो हात धरल्याशिवाय नुसत्या ध्यानाने भागणार नाही.

तो हात धरण्यासाठी कायदा आहे. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानते. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली आपल्या जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान राबवावे लागले. म्हणजे इथली मने किती पिचली आहेत, हे शासनाला ठाऊक आहे. मग ऊसतोड कामगाराच्या मनाची नोंद का नको?

टोळ्या परतल्या की गावोगाव तपासणी शिबिरे झाली पाहिजेत. डॉक्टरांनी 'कुठे दुखते' यासोबत 'झोप लागते का, उचल किती फिटली' हेही विचारावे. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, छातीत कळ येणे ही लक्षणे असतील तर ताण म्हणून सोडून न देता तातडीने दवाखाना गाठावा. आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या हंगामाआधी प्रत्येक वस्तीत उचलीचा हिशेब कागदावर घ्या. मुकादमाच्या वहीतला आकडा कामगाराला वाचता आला, तर त्याच्या मनावरचे अर्धे ओझे तिथेच उतरेल.