संशोधकाची टिपणेही अस्सल साधनेच

मा. संपादक,


जिल्ह्या-तालुक्याच्या इतिहासासाठी आयुष्य वेचलेल्या संशोधकांच्या टिपणवह्या, पत्रव्यवहार, कात्रणे यांनी ग्रंथालयांची कपाटे का अडवावीत, असा प्रश्न आपल्या मागील अंकात एका वाचकाने केला आहे. जुने अस्सल कागद जपावेत, संशोधकाची पुस्तके छापलेली आहेतच, उरलेले खासगी म्हणून वारसांकडे राहू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. जागेची अडचण खरी आहे. तरीही हे म्हणणे मला घातक वाटते.

वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्यामागे तिथल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांचे दप्तर सांभाळले. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्द-व्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये या मंडळाने प्रसिद्ध केला. त्र्यं. शं. शेजवलकरांना शिवचरित्र पुरे करता आले नाही. त्यासाठीची प्रस्तावना, आराखडा आणि जमवलेली साधने त्यांच्या निधनानंतर १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि शिवकालाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ आजही हाताशी लागतो. ‘छापले ते पुरे’ हा न्याय लावला असता तर यातले काय उरले असते?

पण याहून महत्त्वाची गोष्ट छापील खंडांबाबतच आहे. मराठेशाहीतल्या कितीतरी पत्रांवर चंद्र (म्हणजे तारीख) आणि मुसलमानी महिना असतो, साल नसते. पत्रातला मजकूर, स्वारीचा मुक्काम, कोणाच्या मृत्यूचा किंवा लग्नाचा उल्लेख यांवरून संपादक साल ठरवतो. तो अंदाज एकदा छापला गेला की पुढचे लेखक तो निश्चित म्हणून उचलतात. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. एवढ्या झपाट्याने झालेल्या कामात काही पत्रांची साले चुकली, ती नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्त केली. मोडी लिपीच्या वाचनातही तोच प्रकार. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा नसतो, त्यामुळे एकाच ओळीची दोन वाचने संभवतात. संपादकाने कोणते वाचन टाकले, कुठे प्रश्नचिन्ह केले, साल कोणत्या आधारावर धरले हे पुस्तकात क्वचितच येते. ते त्याच्या नकलेच्या समासात असते. कागद कोणाच्या वाड्यात, कोणत्या रुमालात (बासनात), कोणत्या कागदांच्या शेजारी मिळाला आणि घरमालकाने दाखवताना काय सांगितले, हेही टिपणवहीतच असते. पुढे मूळ कागद वाळवीने खाल्ला किंवा वाटणीत कुठे गेला तर ती हातची नक्कल हीच शेवटची साक्ष. पत्र अस्सल की बनावट हा वाद उद्भवला म्हणजे तर तिच्याशिवाय चालतच नाही.

पत्रव्यवहाराचेही तसेच. सरदेसाई आणि इतिहासकार यदुनाथ सरकार यांनी अनेक दशके एकमेकांना लिहिलेली पत्रे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मराठ्यांच्या इतिहासाची साधने कशी मिळवली गेली, कोणाशी कशावरून बिनसले, पेशवे दप्तर संशोधकांना मोकळे व्हावे म्हणून काय करावे लागले, हे त्यांतून कळते. दिपेश चक्रवर्ती यांनी याच पत्रांच्या आधारे २०१५ मध्ये यदुनाथ सरकारांवर एक आख्खे पुस्तक लिहिले. ही पत्रे ‘खासगी’ म्हणून घरात राहिली असती तर ते पुस्तक झाले नसते.

मोठ्या नावांचे कागद कसेबसे टिकतात. गोव्यात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्याच नावाने वेगळा ठेवला आहे. खरा प्रश्न शाळा सांभाळून किल्ले, वतने, वीरगळ, देवळांतले शिलालेख नोंदवत फिरलेल्या शिक्षकांचा आहे. माझ्या परिचयाच्या अशा एका संशोधकांच्या निधनानंतर एका ग्रंथालयाने त्यांची पुस्तके शिक्का मारून घेतली आणि वह्यांची गाठोडी परत पाठवली. ती शेवटी रद्दीत गेली. धरणाखाली गेलेल्या गावांतले शिलालेख त्यांनी स्वतः उतरवून घेतले होते. ते आता पुन्हा कोण उतरवणार? याचे मला फार दुःख आहे.

खासगीपणाचा आक्षेप मी डावलत नाही. घरगुती पत्रे पंचवीस-तीस वर्षे बंद ठेवण्याची अट देणगीपत्रातच घालता येते. जागेवरही उपाय आहे. जिल्हा ग्रंथालयाला सगळे ठेवणे जमत नसेल तर त्याने निदान यादी करावी आणि कागद पुराभिलेख विभागाकडे किंवा एखाद्या संशोधन मंडळाकडे सोपवावेत. मात्र संग्रह फोडू नये. पुस्तके एकीकडे, पत्रे दुसरीकडे, छायाचित्रे तिसरीकडे अशी वाटणी झाली की कोणती टीप कशाची हे सांगणारे कोणी उरत नाही. आधी यादी, मग स्कॅनिंग, हा क्रमही पाळला जावा. बिननावाच्या हजारो प्रतिमा संगणकात टाकून कोणाचेच भले होत नाही.

शासनाने जिल्हा ग्रंथालयांना या कामासाठी मोडी जाणणारा एक माणूस आणि थोडा निधी द्यावा. आणि अशा संशोधकांच्या मुला-नातवंडांना कळकळीची विनंती आहे. घर आवरताना त्यांच्या वह्या वेगळ्या काढू नका, त्यांचा क्रम बदलू नका, आणि रद्दीवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला एकदा कळवा.

आपला,
एक वाचक, वाई