‘हातचलाखी! त्यात काय?’

सुशिक्षित मनुष्याच्या तोंडी काही वाक्ये अशी असतात की, ती उच्चारताना आपण विचार करीत आहो असे त्यास वाटते. वस्तुतः विचार करण्याचे कष्ट टाळण्याकरिताच ती उच्चारलेली असतात. ‘हातचलाखी! त्यात काय?’ हे त्यांपैकीच एक वाक्य होय. यवतमाळ शहरात, वणीस, पुसदला, दारव्ह्याला, किंबहुना आमच्या जिल्ह्यात जेथे जेथे रात्रीची जेवणे आटोपल्यावर दूरचित्रवाणीसमोर घरची बैठक जमते, तेथे तेथे जादूगारांच्या चढाओढीचा कार्यक्रम लागला म्हणजे हे वाक्य हटकून ऐकू येते. जादूगाराच्या मुठीतून नाणे नाहीसे झालेले असते. घरातील लहान मुलगी ‘मग ते गेले कुठे?’ असे विचारते. आणि घरातील सर्वांत अधिक शिकलेले गृहस्थ सुपारी कातरता कातरता उत्तर देतात, ‘अगं, हातचलाखी! त्यात काय?’ मुलीला उत्तर मिळालेले नसते, पण तिचा प्रश्न मात्र संपलेला असतो. ह्या वाक्याशी आमचे भांडण आहे, आणि ते लहानसहान भांडण नव्हे.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की, जादूचे खेळ पाहणे आणि त्यांतील मर्म ओळखण्याची घरच्या घरी पैज लावणे, ह्या करमणुकीचे आम्ही वैरी नाही. तिला नावे ठेवणारे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की, हा पोरखेळ आहे. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करावा. दुसरा पक्ष म्हणतो की, जादूचे मर्म शोधू गेले की आनंदाचा नाश होतो. आश्चर्य हे आश्चर्य म्हणूनच भोगावे. पहिल्या पक्षास आमचे उत्तर असे की, डोळ्यांनी पाहिले ते काय आणि मनाने त्यात भर घातली ती काय, ह्याची निवड करावयास शिकणे हा अभ्यास नसेल तर अभ्यास कशास म्हणावे? दुसऱ्यास आमचे सांगणे असे की, चांगल्या खेळाचे मर्म उमगले म्हणजे आश्चर्य मरत नाही. ते वस्तूवरून उठून माणसावर बसते. नाणे नाहीसे झाले ह्याचे नवल ओसरते आणि दहा बोटांना इतके शिकवण्याकरिता त्या माणसाने किती वर्षे घालविली असतील, ह्याचे नवल सुरू होते. हे दुसरे नवल पहिल्याहून मोठे आहे. ‘त्यात काय?’ असे म्हणणाऱ्याच्या वाट्याला मात्र ह्या दोहोंपैकी एकही येत नाही.

ह्या चढाओढींचे स्वरूप ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द. आपल्या देशात २०१० साली ‘स्टार वन’ ह्या वाहिनीवर ‘इंडियाज मॅजिक स्टार’ नावाची जादूगारांची स्पर्धा झाली. इंग्लंडात २०११ साली ‘आयटीव्ही’वर आणि २०१४ पासून अमेरिकेतील ‘सीडब्ल्यू’ वाहिनीवर ‘पेन अँड टेलर : फूल अस’ हा कार्यक्रम झाला. त्याचे भाग आता खेडोपाडीच्या मोबाइलवरही पाहता येतात. ह्या दुसऱ्या कार्यक्रमाचा नियम मोठा मार्मिक आहे. पेन आणि टेलर हे दोन मुरलेले जादूगार प्रेक्षागृहात बसून पाहुण्या जादूगाराचा खेळ एकदाच पाहतात. नंतर त्यांनी त्याचे मर्म सांगावयाचे, तेही आडवळणाच्या भाषेत. म्हणजे जादूगारास खूण पटावी, पण त्याच्या पोटावर पाय येऊ नये. तर्क चुकला तर पाहुण्यास विजयचिन्ह मिळते आणि लास व्हेगासला त्यांच्या रंगमंचावर खेळ करण्याचा मान मिळतो. सारी हयात ह्याच धंद्यात घालविलेले हे दोघे कित्येकदा चुकतात, आणि चुकल्यावर मोकळेपणाने हार मानतात. ‘हातचलाखी आहे’ एवढेच सांगून त्यांची सुटका होत नाही. कोणत्या क्षणी, कोणत्या हाताने, काय झाले, हे त्यांना सांगावे लागते, आणि ‘नाही, तसे नाही’ असे म्हणणारा माणूस समोर उभा असतो. आमच्या बैठकीतील पंडितास तेवढी अडचण नसते. म्हणूनच तो कधी हरत नाही.

‘हातचलाखी’ हे नाव आहे. ते कारण नव्हे. पाऊस का पडतो असे विचारले असता ‘निसर्ग!’ असे उत्तर देण्यासारखेच ते आहे. ह्या शब्दाची आणखी दोन भावंडे आहेत : ‘कॅमेऱ्याची करामत’ आणि ‘ती माणसे त्यांचीच असतात’. कॅमेऱ्याने फसविता येते, हे आम्हांस मान्य आहे. चित्रण मध्येच तोडून पुढे जोडणारा, किंवा सारा प्रेक्षकवर्गच पढवून बसविणारा जादूगार आपल्या विद्येशी बेइमानी करतो, असेही आम्ही म्हणू. पण आरोप करणाऱ्याने तो क्षण दाखविला पाहिजे. चित्र कोठे तुटले? कोणता माणूस पढविलेला होता, आणि कशावरून? जे औषध प्रत्येक रोगावर चालते असे सांगतात, त्याची किंमत जाणता वैद्य ओळखतो. जे उत्तर प्रत्येक खेळास लागू पडते, ते कोणत्याच खेळाचे उत्तर नसते. आमच्या जिल्ह्यातील कापसाचा व्यापारीदेखील रुईचा तंतू चिमटीत धरून ओढून पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. बुद्धीच्या बाजारात मात्र पदवीधर माणसे गाठोडे न सोडताच भाव फोडतात!

मर्म किती अनपेक्षित ठिकाणी दडलेले असते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ ह्या कार्यक्रमात बंगालचे थोर जादूगार पी. सी. सरकार ह्यांनी एका तरुण सहायिकेस मेजावर निजवून विजेच्या गोल करवतीने कापल्याचा खेळ केला. करवत थांबली, सरकारांनी मुलीस हाक दिली, तिचा हात हलवून पाहिला, ती उठली नाही. त्यांनी तिच्या तोंडावर वस्त्र टाकले, आणि तोच निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. मुलगी खरोखरीच मेली, असे समजून घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनी करकरून बीबीसीस हैराण केले. ती अर्थातच सुखरूप होती. कार्यक्रमाची वेळ भरत आली असता खेळ नेमका तेथेच थांबावा, हा निव्वळ योगायोग नसावा, असे ह्या विद्येचे जाणकार मानतात. त्या रात्री हजारो लोक करवतीच्या पात्याकडे पाहत होते. खेळ मात्र भिंतीवरच्या घड्याळात चालला होता! ‘हातचलाखी’ म्हणणाऱ्यास हे मर्म सात जन्मांत सापडणार नाही, कारण तो हाताकडेच पाहत राहील.

आपण शिकलेले आहो, तेव्हा आपणांस फसविणे कठीण, ही समजूत तर सर्वांत घातक. १९९९ साली अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी, सायमन्स आणि चॅब्रिस ह्यांनी, एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंचे चित्रण दाखवून, चेंडू किती वेळा टाकला ते मोजावयास पाहणाऱ्यांस सांगितले. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेले एक माणूस खेळाडूंच्या घोळक्यातून, छाती बडवीत, चालत गेले. सुमारे निम्म्या पाहणाऱ्यांस ते दिसलेच नाही! त्यांचे डोळे उघडे होते. लक्ष मात्र दुसऱ्याने ठरवून दिलेल्या ठिकाणी होते. त्याआधी, १९७९ साली, सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अद्भुत मनःशक्तीचा शोध घेणारी प्रयोगशाळा निघाली. जेम्स रँडी ह्या जादूगाराच्या सल्ल्याने दोन तरुण जादूगार अद्भुत शक्तीचे धनी म्हणून तेथे दाखल झाले आणि चमचे वाकवून त्यांनी विद्वानांस चकित केले. ‘तुम्ही लबाडी करता काय?’ असे कोणी सरळ विचारले तर खरे सांगून टाकावयाचे, असे त्यांचे ठरले होते. तसे कोणी विचारलेच नाही, आणि १९८३ साली त्यांनी आपण होऊन सारे उघड केले. विद्वानास निसर्गाशी व्यवहार करण्याची सवय असते. निसर्ग गूढ असला तरी लबाड नसतो. लबाडीची परीक्षा हे वेगळे शास्त्र आहे, आणि ते पदवीबरोबर फुकट मिळत नाही.

येथवर आमचे म्हणणे केवळ करमणुकीपुरते आहे, असे कोणास वाटेल. पण ह्याच घरातील दुसरे दृश्य पाहा. जादूगारास ‘त्यात काय?’ म्हणून उडवून लावणारे तेच गृहस्थ, कोण्या बुवाने रिकाम्या मुठीतून अंगारा काढला किंवा लिंबू कापून त्यातून रक्त काढले म्हणजे आवाज खाली आणून म्हणतात, ‘काही म्हणा, शक्ती असतेच!’ ‘हातचलाखी’ आणि ‘शक्ती’ हे दोन शब्द परस्परविरोधी दिसतात. खरे पाहता ती एकाच आळसाची दोन नावे आहेत. दोन्ही कारणाच्या जागी नाव ठेवतात, आणि दोन्ही मुलीचा ‘कसे?’ हा प्रश्न मारून टाकतात. सुरीच्या पात्यास मिथिल ऑरेंज लावून वाळविले आणि लिंबू कापले, तर रसातील आम्लाने ते लाल होते. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की, काडी न ओढता होम पेटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत जे रसायन, तेच बुवाच्या झोळीत चमत्कार होते.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस वाचकांपैकी पुष्कळांस आठवत असेल. गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता दिल्लीहून निघून दुपारपर्यंत देशभर पसरली, आणि चमचे घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांत पदवीधरांची वाण नव्हती. दुधात रंग मिसळून शास्त्रज्ञांनी दाखविले की, पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते. दूध जाते कोठे, एवढे पाहण्याकरिता फक्त मान खाली करावयाची होती! ती मान ज्यांनी केली नाही, त्यांनी जादूगाराच्या खेळात तरी आपली बुद्धी फार चालते, असा अभिमान बाळगू नये.

आणि सर्वच ठिकाणी शेवट असा दुधावर भागत नाही. गुप्तधन काढून देतो, पैशांचा पाऊस पाडतो, म्हणून नाडणारे मांत्रिक विदर्भास नवे नाहीत. २०१२ साली आमच्याच जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका लहान मुलीचा नरबळी दिल्याचे प्रकरण उघडकीस आले, आणि यवतमाळच्या सत्र न्यायालयात त्याचा खटला चालला. ज्या जिल्ह्यात १९७३ साली आणि पुन्हा २०१९ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच जिल्ह्यातील ही गोष्ट आहे. ‘ती अडाणी माणसे’ असे म्हणून ह्यातून अंग काढून घेता येणार नाही. अडाणी माणूस शहाण्याकडे पाहून चालतो, आणि शहाणा जर बुवाच्या दारी जोडे काढून उभा असेल, तर अडाण्याने कोणाचे पाहून शंका घ्यावी? २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. पण कायदा बुवास पकडू शकतो. आमच्या जिभेवरील ‘शक्ती असतेच’ ह्या शब्दांस पकडू शकत नाही.

जादूगार आणि बुवा ह्यांत भेद एवढाच की, पहिला फसविण्याची परवानगी मागून फसवितो. पुण्याचे जादूगार रघुवीर देशोदेशी आपली कला दाखवीत हिंडले, ते जादूगार म्हणूनच. १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-उदँ ह्या जादूगारास अल्जीरियात धाडले. तेथील फकिरांच्या चमत्कारांचा दरारा कमी करावा, हा राजकारणी हेतू. त्याने विद्युत्-चुंबकाच्या बळाने एक हलकी पेटी अशी जड केली की, धिप्पाड पुरुषासही ती उचलेना. आणि मागाहून आपल्या साऱ्या करामती कसबाच्या आहेत, हे त्याने लोकांस समजावून सांगितले. बुवाने हे शेवटचे वाक्य उच्चारले, तर त्याचा धंदा त्याच दिवशी बसेल. म्हणून जादूगाराचे गुपित चव्हाट्यावर मांडणे आम्ही असभ्यपणा समजतो, आणि बुवाचे गुपित झाकणे हा अपराध समजतो.

तेव्हा घरोघरच्या बैठकींस आमचे सांगणे थोडके आहे. खेळ अवश्य पाहा. तर्क अवश्य करा. पण तर्क असा करा की तो चुकीचा ठरू शकेल : क्षण सांगा, हात सांगा, वस्तू सांगा. तर्क सांगून झाला की घरातील नाणे, रुमाल, पत्ते घेऊन तो करून पाहा. न जमल्यास ‘अजून कळले नाही’ हे चार लोकांत म्हणावयाची लाज धरू नका. ‘हातचलाखी’ आणि ‘शक्ती’ ह्या दोहोंपेक्षा ते वाक्य अधिक विद्वत्तेचे आहे. आणि मुलीने ‘मग ते गेले कुठे?’ असे विचारले, तर तिला गप्प करू नका. आज ती जादूगारास विचारीत आहे. उद्या तिने तोच प्रश्न, तितक्याच मोठ्या आवाजात, बुवास विचारावा, एवढ्याकरिताच हा सारा खटाटोप.