कला शाखेलाही प्रयोगशाळा हवी

‘तुझं ओजेटी कुठं झालं?’ हा प्रश्न कला शाखेच्या मुलामुलींच्या बोलण्यात आता रुळला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये जो आराखडा ठरवला, त्यात क्षेत्रप्रकल्प, समाजसहभागाचे काम आणि प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, यांना श्रेयांक मिळाले. ओजेटीचे श्रेयांक चार. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर विद्यार्थ्याच्या हाती १२० तास येतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे तास सीएच्या कार्यालयात घालवतो, विज्ञानाचा एखाद्या कारखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतलेल्या मुलांनी कुठे जायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही. मग ओळखीच्या दुकानातून किंवा नातेवाइकांच्या संस्थेतून सही-शिक्क्याचा एक कागद येतो, तो फाइलला लागतो आणि गुण पडतात.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. जी वाट कोणी दाखवलीच नाही, तिच्यावरून ती चालणार कशी? पण हे १२० तास असे वाया जाताना पाहून जीव तुटतो. कारण कला शाखेला प्रयोगशाळा नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे. ती आहे आणि महाराष्ट्रात तर फार मोठी आहे. ती वर्गाबाहेर, दफ्तरखान्यांत, ग्रामसभांत, नाटकाच्या तालमींत आणि गावोगावच्या ओसऱ्यांवर पसरलेली आहे. तिथे मुलांना नेणे हे आता अभ्यासक्रमाचेच काम झाले आहे आणि महाविद्यालयांनी ते मनापासून करावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्याकडची मानव्यविद्या मुळात अशीच उभी राहिली. वि. का. राजवाडे जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत गावोगाव फिरले. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड झाले, त्यातला पहिला १८९८ मधला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेही कागद जमवायचे आणि वाचायचे या ध्यासातून. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गो. स. सरदेसाई पेशवे दफ्तरात बसले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्रातही तेच घडले. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नांवर ते उभे आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दीड दशक उत्खनन केले, आणि ताम्रपाषाणयुगातला शेतकरी काय पिकवत होता, कशा घरात राहत होता, मेलेल्यांना कसे पुरत होता, हे आपल्याला कळले. यातले काहीच खडू-फळ्यासमोर घडलेले नाही.

आज या कामांतून विद्यार्थ्याला काय करता येईल, ते नीट पाहू.

पहिले क्षेत्र मोडीचे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर राज्याचे कागद आहेत. पणजीच्या गोवा पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते आणि तिथे पोर्तुगीज कागदांच्या जोडीला मोडीतलेही आहेत. ही मोठी ठिकाणे सोडली, तरी जिल्ह्या-तालुक्यांच्या अभिलेख कक्षांत, देवस्थानांत आणि जुन्या घराण्यांत मोडी पडून आहे. मोडी शिकून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना २०२३ च्या उत्तरार्धाने उत्तर दिले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांची जिल्ह्याजिल्ह्यांत एकाएकी गरज पडली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. एका पिढीने लिपी सोडली की पुढच्या पिढीला स्वतःच्याच गावचा कागद वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात. अवघड असते ते जलद लिहिलेले हस्ताक्षर, संक्षेप, जुनी मापे आणि कालगणना. ते केवळ सरावाने जमते आणि सरावासाठी १२० तास ही चांगली सुरुवात आहे. एका विद्यार्थ्याने दहा कागदांचे देवनागरी लिप्यंतर केले, प्रत्येकाखाली चार ओळींचा सारांश आणि तारीख दिली, तरी पुढच्या अभ्यासकाची वाट सोपी होते.

दुसरे क्षेत्र मौखिक परंपरेचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, त्यात महाराष्ट्रातल्या १,१००हून अधिक गावांतल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांसमोर आणल्या. या संग्रहाचे मोल आकड्यापुरते नाही. प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आहे, गाव आहे. लोकसाहित्य म्हणजे कोणा अनामिकाची निर्मिती, ही सोय तिथे टाळली आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने लोकसाहित्याचा पेपर लिहावाच, पण आपल्या आजीकडून, शेजारच्या मावशीकडून पंचवीस ओव्या तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात, तिने जसा उच्चार केला तसाच लिहावा आणि कोणत्या प्रसंगी काय गायचे हे तिलाच विचारावे. गिरण्या आल्या, जाती थांबली. त्या ओव्या पाठ असलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या दशकावर ढकलता येणार नाही.

भाषांचेही तसेच. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने देशात ७८० भाषांची नोंद केली, ती मुख्यतः त्या त्या भाषा बोलणाऱ्या आणि त्यांच्यात राहणाऱ्या माणसांच्या बळावर. नंदुरबारमधल्या महाविद्यालयात भिली बोलणारी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी, अमरावतीत कोरकू बोलणारी मुले वर्गात बसलेली असतात. त्यांची भाषा हा त्यांच्या शिक्षणातला अडथळा आहे, असे त्यांना वर्षानुवर्षे जाणवून दिले गेले. हीच मुले शब्दसंग्रह करू शकतात, गोष्टी लिहून घेऊ शकतात, आपल्या भाषेतून मराठीत आणि मराठीतून आपल्या भाषेत अनुवाद करू शकतात. पाहुण्या संशोधकाला जे वर्षभर राहूनही अर्धेच कळते, ते त्यांना घरातच ठाऊक असते. ज्याला आजवर कमी लेखले, तोच वर्गातला जाणकार ठरतो. एका प्रकल्पाने एवढे साधले, तरी ते शिक्षण सार्थकी लागले.

तिसरे क्षेत्र लोकशाहीचे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ७३वी घटनादुरुस्ती पाठ असते. आपल्या गावची ग्रामसभा गेल्या वर्षी किती वेळा झाली, किती बायका आल्या आणि कोणते ठराव पुढे गेले, हे सहसा माहीत नसते. इतिवृत्ताची वही ग्रामपंचायतीतच असते. मागील पाच वर्षांची इतिवृत्ते वाचायची, ठरावांची पुढची वाटचाल तपासायची, ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी, सरपंचांशी आणि सभेला न येणाऱ्यांशीही बोलायचे. यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट बसवून कायदे समजून घेतले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून घेतली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. गाव अभ्यास करते तेव्हा काय होते, याचे ते जिवंत उदाहरण आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते पुस्तकात वाचून थांबू नये.

चौथे क्षेत्र लेखन-संपादनाचे, आणि ज्यांना घराबाहेर फार वेळ राहता येत नाही त्यांच्यासाठी ते विशेष महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळीकडे आनंद झाला. त्या आनंदाला कामाची जोड हवी. मराठी विश्वकोशाचे २० खंड वाईत तयार झाले आणि त्याच्या नोंदी अद्ययावत करण्याचे काम ज्ञानमंडळांमार्फत चालू आहे. मराठी विकिपीडियात तर स्थानिक विषयांच्या शेकडो जागा रिकाम्या आहेत: तालुक्यातली लेणी, नद्या, बाजारपेठा, लेखिका, चळवळी. संदर्भ देऊन नेमकी नोंद लिहिणे, दुसऱ्याच्या मजकुरातली चूक पुराव्यानिशी दाखवणे, इंग्रजीतला मजकूर सरळ मराठीत आणणे ही कौशल्ये वृत्तपत्रात, प्रकाशनात, न्यायालयीन अनुवादात आणि शासकीय कामात थेट उपयोगी पडतात.

आणि नाटक. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. या एकांकिकांसाठी मुले महिनेन् महिने तालमी करतात. संहिता, नेपथ्य, प्रकाश, हिशेब सगळे स्वतः सांभाळतात. २०२२ मध्ये परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि त्यांनी तो कोणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला. मला त्या निर्णयात मुलांविषयीचा आदर दिसतो. तुमच्याकडून आम्ही मोठी अपेक्षा धरतो, असे सांगण्याचा तो एक मार्ग होता. ओजेटीच्या मूल्यमापनात नेमके हेच हरवले आहे. सगळ्यांना सारखे गुण देऊन मोकळे होणे म्हणजे कोणाकडूनच काही अपेक्षा न ठेवणे.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यावर बोलल्याशिवाय वरचे सगळे कागदावरच राहील. पहिली पैशाची. मोठ्या शहरातल्या संस्थेत बिनपगारी उमेदवारी करणे सुस्थित घरच्या मुलालाच परवडते. धाराशिवच्या किंवा वाशिमच्या मुलाने भाडे, खाणावळ आणि प्रवासखर्च कुठून आणायचा? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना रुजवली; आज ती विद्यापीठांतही चालते. तिच्यातून मुले ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम करतात. तेच तास दप्तरांची सूची करणे, ध्वनिमुद्रणे उतरवून घेणे, जुनी नियतकालिके स्कॅन करणे यांसाठीही मिळाले, तर मानधन आणि शिक्षण एकाच वेळी पदरात पडेल.

दुसरी अडचण मुलींची. अनेक घरांत मुलीला दुसऱ्या गावी राहू देत नाहीत. म्हणून काम तालुक्यातच आणि शक्यतो दोघी-तिघींच्या गटाने करायचे असावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर गावाला आणि पालकांना परिचयाचे आहे. त्या शिबिरात एक गट गावाच्या नोंदींसाठी राखून ठेवला, तर पालकांना समजावणे सोपे जाईल.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण शिक्षकांची. मार्गदर्शन करायचे ते कोणी? अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर चालतात. त्यांना शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. विद्यार्थ्यासोबत गावात घालवलेला दिवस त्यांच्या हिशेबात येत नाही. क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक विद्यार्थ्याला द्यायचे आणि त्यामागचे श्रम शिक्षकाच्या कार्यभारात मोजायचे नाहीत, हा अन्याय आहे. तो दूर केल्याशिवाय कागदी प्रमाणपत्रे थांबणार नाहीत.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या कला विभागाने आपल्या जिल्ह्यातल्या अशा जागांची यादी करावी: अभिलेख कक्ष, ग्रंथालये, संग्रहालये, वृत्तपत्रांची कार्यालये, ग्रामपंचायती, लोककलावंतांचे फड, स्वयंसेवी संस्था. त्यांच्याशी लेखी करार करून मुलाने तिथे नेमके काय करायचे, हे आधी ठरवावे. दुसरे, शासनाने मार्गदर्शनाचे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरावेत आणि तासिकांवरच्या प्राध्यापकांना त्यांचे मानधन द्यावे. तिसरे, मूल्यमापन प्रमाणपत्रावर न करता हाती आलेल्या कामावर करावे. लिप्यंतर, ध्वनिमुद्रणाचा संग्रह, ग्रामसभेचा अहवाल, विश्वकोशाची नोंद, जे झाले असेल ते तपासावे. त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावी आणि एक, ज्यांच्याकडून ते मिळाले त्या घराला किंवा गावाला परत द्यावी. लोकांकडून घेतलेले ज्ञान लोकांना परत देणे हा या शिक्षणाचा पहिला नियम असला पाहिजे.

विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे. महाविद्यालयाची वाट पाहत बसू नका. तुमच्या तालुक्यात ज्याच्याविषयी एक पानही लिहिले गेलेले नाही असे काहीतरी नक्की आहे. ते निवडा, प्राध्यापकांना गाठा, कामाची चार ओळींची योजना लिहून त्यांच्या हाती द्या. नोकरीच्या मुलाखतीत ‘बी.ए. करून काय येतं?’ असे विचारले जाईल, तेव्हा तुमच्यापुढे तुम्ही केलेले काम असेल आणि त्याच्या प्रत्येक ओळीबद्दल तुम्हाला बोलता येईल. सरकारने तास दिले आहेत. ते कशाने भरायचे, हे येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्य, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून ठरवावे. परीक्षेच्या तोंडावर ते ठरवायला बसले, तर पुन्हा शिक्का मारलेला कागदच हाती येईल.